तुराट्या, लग्नपत्रिका आणि ट्यूबच्या कड्या: टाकाऊ वस्तूंतून भूमिती

‘समभुज त्रिकोणाच्या तिन्ही बाजू समान असतात’ हे वाक्य पाचवीतले पोट्टे घडाघडा म्हणून दाखवतात. त्याच पोट्ट्यांनी पत्रिकेतून कापलेले दोन त्रिकोण एकमेकांवर बसत नाहीत, तेव्हा मात्र उत्तर येतं, ‘सर, कागदच वाकडा आहे.’ खाली दिलेल्या कृती निवडताना एकच कसोटी लावली आहे: माप चुकलं तर ते वस्तूनंच दाखवावं. चौकट लोळते, फट राहते, गोळा बंद होत नाही. गुरुजींना लाल पेन काढावा लागत नाही आणि मूल स्वतःच पट्टी घेऊन परत मोजायला बसतं. टिकल्या आणि रंग लावायला हरकत नाही, पण वस्तू जुळल्यावर. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री घरच्यांनी चिकटवून दिलेल्या घनातून मूल काही शिकत नाही.

तिसरीपासून आठवीपर्यंत हे चालतं. पाच-पाच मुलांचे गट करा. एका कृतीला सलग दोन तासिका लागतात, आकाशकंदिलाला सहा.

काय जमवायचं आणि काय वर्गात आणायचं नाही

तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आपल्याकडे विदर्भात मागाल तेवढ्या मिळतात. तूर निघाली की जानेवारी-फेब्रुवारीत धुऱ्यावर ढीग पडलेला असतो आणि जूनच्या अखेरीला शाळा उघडते तेव्हाही कोणाच्या तरी आवारात सरपणाला रचलेल्या सापडतात. शेंड्याकडच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या घ्या. काडी वाकवून पाहा: कटकन मोडली तर वाळलेली, नुसती वाकली तर ओली. ओली काडी बांधल्यावर आठवड्याभरात आकसते आणि सांधा ढिला होतो.

पराटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, मात्र नको. एक तर ती वेडीवाकडी. दुसरं म्हणजे तिला वाळकी बोंडं लागलेली असतात आणि त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते. पराटी साठवू नका असं शेतकऱ्यांना दरवर्षी सांगितलं जातं. मग ती शाळेत तरी कशाला साठवायची?

फवारणीच्या औषधाचे डबे, बाटल्या आणि ते ज्यात आले ते खोके, कितीही चांगले दिसले तरी, वर्गात आणू नका. कपाशीच्या बियाण्याच्या पुड्याही नकोत, कारण त्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली. त्यामुळे ‘धुऊन घेतलंय’ हे उत्तर इथे चालवून घेऊ नका. बिस्किटांचे, साबणाचे, चपलांचे खोके भरपूर मिळतात.

सायकलची फाटकी ट्यूब पंक्चरवाल्याकडे पडलेलीच असते. आतली पांढरी पावडर पुसा, ठिगळाचा भाग सोडा आणि आडव्या कापून 5 मिलिमीटर रुंदीच्या कड्या करा. एका ट्यूबमधून शंभरावर कड्या सहज निघतात.

लग्नपत्रिका फेब्रुवारी ते मे जमवा. गणपतीचं चित्र असलेलं पान कापलेलं बऱ्याच घरी आवडत नाही. ते पान आधीच वेगळं काढून परत द्या, म्हणजे पुढच्या वर्षीही पत्रिका मिळतील.

हत्यारं अशी: बोथट टोकाच्या कात्र्या, पट्ट्या, कंपासपेटी, फेव्हिकॉल, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि शाई संपलेले बॉलपेन. बॉलपेन फेकू नका, पत्रिकेवर घडीची रेघ दाबायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तुराटी कापायला हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा लागतो. तो एकच ठेवा आणि मोठ्या माणसाच्या हाती.

तुराटीची चौकट: चौकोन का लोळतो?

प्रत्येक गटाला 22 सेंटिमीटरच्या 12 काड्या कापून द्या. दोन्ही टोकांपासून 1 सेंटिमीटर आत पेनानं खूण करायला लावा. सांधा या खुणेवर बांधायचा. म्हणजे काडी 22 ची असली तरी बाजू 20 चीच भरते. ही खूण टाळली तर कोणी टोकाशी बांधतं, कोणी दोन सेंटिमीटर आत बांधतं आणि ‘सारख्या’ काड्यांचा त्रिकोणही समभुज होत नाही. टोकाच्या अगदी जवळ बांधलं की तुराटी चिरते, हे वेगळंच.

सांधा असा बांधा. कडी एका काडीवर चढवा, आठच्या आकड्यासारखा पीळ द्या, दुसऱ्या काडीवर चढवा आणि उरलेला फास परत पहिल्या काडीवर आणा. सांधा घट्ट हवा, पण काड्या त्याच्याभोवती फिरल्या पाहिजेत. फेव्हिकॉल लावून तो पक्का करू नका. सांधा फिरला नाही तर या कृतीत दाखवण्यासारखं काही उरतच नाही.

आता तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौकोन करा. दोन्ही जमिनीवर उभे धरून वरचा कोपरा बोटानं ढकला. त्रिकोण हलत नाही. चौकोन हळूच एका अंगावर लोळतो. इथे घाई न करता विचारा, ‘बाजू बदलल्या का?’ मुलं मोजतील, चारही 20 च. ‘मग काय बदललं?’ कोन. चारही बाजू समान असूनही तो चौरस राहिला नाही. समभुज चौकोन हे नाव आता सांगा. चौरसाच्या व्याख्येत काटकोन का लागतो, हे त्या लोळणाऱ्या चौकटीनं आधीच सांगितलेलं असतं.

पुढचं काम: चौकोन लोळू नये म्हणून कर्णाची काडी बांधा. बहुतेक गट हाताशी असलेली 22 ची काडीच उचलतात. बांधू द्या. चौकट घट्ट होते खरी, पण ती तिरकीच, 60 आणि 120 अंशांच्या कोनांची. म्हणजे दोन समभुज त्रिकोण एकमेकांना चिकटवल्यासारखी. चौरसच घट्ट करायचा असेल तर काडी लांब हवी, हे मुलांना दिसतं. कंपासपेटीतला गुण्या कोपऱ्यात धरून चौकट सरळ करा आणि समोरासमोरच्या सांध्यांमधलं अंतर मोजा. 28 पेक्षा थोडं जास्त भरतं. नेमकं 28.3. दोन्हीकडचं एक-एक सेंटिमीटर धरून काडी 30.3 ची कापायची.

एखादा गट ‘जाऊ दे, 29 धरू’ म्हणेल. धरू द्या आणि मग दुसरा कर्ण मोजायला सांगा. तो जेमतेम साडेसत्तावीस भरतो आणि कोपरा 93 अंशांच्या आसपास जातो. घराचा पाया आखताना मिस्त्री दोन्ही कर्ण मोजून पाहतात ते याचसाठी. गावात कुठे बांधकाम चालू असेल तर मुलांना तेवढं बघायला न्या.

वरच्या वर्गाला पंचकोन आणि षटकोनही बांधायला द्या. लोळू नये म्हणून चौकोनाला 1 कर्ण पुरतो, पंचकोनाला 2, षटकोनाला 3. सप्तकोनाला किती, हे मुलं बांधण्याआधीच सांगतात. मग सहा काड्यांचा चतुष्फलक करा: जमिनीवर एक त्रिकोण आणि त्याच्या तीन कोपऱ्यांतून वर जाऊन एकत्र येणाऱ्या तीन काड्या. तीन काड्यांच्या सांध्याला एक कडी पुरत नाही. दोन काड्या एका कडीनं बांधा, तिसरी दुसऱ्या कडीनं अडकवा. हा ठोकळा दप्तर ठेवलं तरी तोलतो. बारा काड्यांचा घन मात्र हातातून सुटताच पसरतो. त्याच्या सहाही पृष्ठांवर एक-एक कर्ण बांधला की मगच तो उभा राहतो. कोराडी किंवा चंद्रपूरच्या वीज केंद्राकडून वावरांवरून गेलेल्या लाईनचे टॉवर आणि गोठ्याच्या टिनाखालची कैची (टिन पेलणारी चौकट) यांत चौकोन क्वचितच मोकळा सापडतो. मुलांना त्रिकोण मोजायला लावा, मोजून दमतील.

एप्रिल-मेच्या उन्हात टिनाच्या खोलीत रबर वाळून तडकतं. सुट्टी लागायच्या आधी कड्या सोडवून डब्यात ठेवा. काड्या पुढच्या वर्षीही चालतात.

बारा भागांची दोरी

हे थोडक्यात, कारण अवघड काही नाही. सुतळीवर दर 30 सेंटिमीटरला रंगीत चिंधी बांधून 12 सारखे भाग करा आणि टोकं जोडून वेढा तयार करा. सुतळीलाच गाठी मारू नका, प्रत्येक गाठ दोर खाते आणि भाग लहान-मोठे होतात. नायलॉनची दोरी ताणते, तीही नको. तीन मुलांनी 3, 4 आणि 5 भागांच्या कोपऱ्यांवर दोरी ताणून धरली की 3 आणि 4 च्या मधला कोन काटकोन होतो. मैदानावर कबड्डीची आखणी करायला एवढं पुरे. पाच भागांची बाजू 3 सेंटिमीटरनं लांबली तरी कोन सुमारे अडीच अंशांनी बिघडतो आणि आखलेल्या चौकोनाच्या शेवटच्या दोन रेषा भेटत नाहीत. मिस्त्री हेच 3 फूट, 4 फूट, 5 फूट मोजून करतात आणि भिंत ‘गुण्यात’ आहे म्हणतात. कंपासपेटीतला गुण्या तोच.

तान्ह्या पोळ्याची झूल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल सजवायचे असतातच. चौरस रद्दी कागदाची आधी अर्धी, परत अर्धी आणि मग कागदाच्या मध्यातून जाणारी तिरकी घडी घाला. आठ पदर झाले. घडीच्या कडांवर लहान-लहान नक्षी कातरा. उघडण्याआधी प्रत्येकानं ‘आत काय दिसेल’ ते वहीत काढायचं, ही अट सोडू नका. सममितीचा अभ्यास त्या चित्रात आहे, कात्री चालवण्यात कमी. घडीची कड पूर्ण कातरली की झूल तुकडे होऊन हातात येते. पहिल्या तासाला निम्म्या वर्गाचं हेच होतं. मग घडीवर थोडी तरी कड जोडलेली का ठेवायची, ते वेगळं सांगावं लागत नाही. शेवटी घड्यांच्या रेषा मोजा: चार आस. त्यातली कुठलीही एक धरून झूल दुमडली की नक्षी नक्षीवर बसते.

वीस वर्तुळांचा आकाशकंदील

एकच कृती करायला वेळ असेल तर ही करा. दिवाळीच्या सुट्टीआधी दोन आठवडे सुरुवात करा. एका गटाला एका कंदिलासाठी 8 सेंटिमीटर व्यासाची 20 वर्तुळं लागतात. दोन-तीन जास्तीची कापून ठेवा.

वर्तुळासाठी कंपास पुरत नसतील तर पुठ्ठ्याच्या पट्टीला 4 सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडा. एकात टाचणी, दुसऱ्यात पेन्सिल. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आखा, चकचकीत बाजूवर नाही. कारण पुढे येईल.

आधी साच्याचा त्रिकोण तयार करायचा. तेवढ्याच आकाराचं एक वर्तुळ रद्दी कागदाचं कापा. दोन वेगवेगळ्या दिशांनी अर्धं दुमडून उघडा, घड्या जिथे छेदतात तो केंद्रबिंदू. आता वर्तुळाची कड अशी दुमडा की ती केंद्राला नुसती टेकेल. घडीच्या एका टोकापासून दुसरी कड तशीच केंद्राला टेकवा, मग उरलेली तिसरी. आत समभुज त्रिकोण मिळतो, बाजू 6.9 सेंटिमीटर. कड केंद्राच्या अलीकडे राहिली किंवा पलीकडे गेली तर तिसऱ्या घडीला टोकं जुळत नाहीत. ज्याचं जुळलं नाही त्याला नवं वर्तुळ द्या.

हा त्रिकोण जाड पुठ्ठ्यावर उतरवून कापा. कापल्यावर वहीत त्याची कड गिरवा आणि साचा एक-एक कोपरा सरकवत तीनदा त्याच आकृतीवर ठेवून बघा. तिन्ही वेळा तंतोतंत बसला तरच तो समभुज. एका वेळी जरी केसभर रेघ बाहेर दिसली तरी दुसरा साचा कापा. इथला एक मिलिमीटर पुढे तीस सांध्यांत वाढत जातो आणि शेवटचं झाकण बसत नाही.

साचा वर्तुळाच्या कोऱ्या बाजूवर असा ठेवा की तिन्ही कोपरे कडेला टेकतील. रिकाम्या बॉलपेननं पट्टी धरून तिन्ही रेघा दाबा. मग रेघांबाहेर उरलेले तीन भाग, म्हणजे पाळ्या, चकचकीत बाजूकडे दुमडा. असं केलं की दोन शेजारच्या पाळ्यांच्या कोऱ्या बाजू आपोआप समोरासमोर येतात. फेव्हिकॉल कोऱ्या बाजूला धरतो, प्लॅस्टिकच्या चकचकीत थरावरून सुटतो. उलट दुमडलेली वर्तुळं असलेला कंदील दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर उकललेला सापडतो.

चिकटवण्याआधी थोडं थांबा. तीन वर्तुळं एका बिंदूभोवती चिमट्यांनी जोडा: टोकदार टोपी. चार: जरा पसरट. पाच: बुटकी घुमटी. सहा जोडली की सगळं सपाट. 60 चे सहा कोन म्हणजे 360, टेकाड उभं राहायला जागाच उरली नाही. पाचांचे 300 होतात, उरलेल्या 60 अंशांची फट मिटवताना कागद वर उचलला जातो. आठवीच्या मुलांनी हे एकदा हातानं केलं की समभुज त्रिकोणांपासून, प्रत्येक कोपऱ्यावर सारखेच त्रिकोण येतील असे तीनच ठोकळे का होतात, ते त्यांना सांगता येतं.

आता जोडणी. पाच वर्तुळं एका बिंदूभोवती जोडून एक टोपी करा, तशीच दुसरी. उरलेल्या दहा वर्तुळांची पट्टी करा, एक त्रिकोण टोक वर, पुढचा टोक खाली, असं आलटून-पालटून. दहावं पहिल्याला जोडून कडं करा. कड्याच्या वरच्या पाच मोकळ्या पाळ्यांना एक टोपी, खालच्या पाचांना दुसरी. प्रत्येक सांध्याला दोन टोकांना दोन चिमटे, दहा-पंधरा मिनिटं. पाऊस लांबला असेल आणि हवा दमट असेल तर अर्धा तास धरा. टोप्या आणि कडं पूर्ण वाळल्यावरच एकमेकांना जोडा. नेमकी इथेच सगळ्यांना घाई होते आणि ओल्या टोपीचे सांधे सरकतात.

सर्वात जास्त होणारी चूक कड्यात होते: दोन त्रिकोण लागोपाठ टोक वर करून लागतात. मग वरच्या बाजूला चार पाळ्या आणि खाली सहा, असं काहीतरी होतं आणि टोपी बसत नाही. टोपी लावण्याआधी दोन्हीकडच्या मोकळ्या पाळ्या मोजून घ्या.

गोळा तयार झाल्यावर कडा मोजायला सांगू नका, मोजताना हमखास चुकतं. हिशोब करायला लावा. वीस त्रिकोणांच्या बाजू 60, पण प्रत्येक कडा दोघांत वाटलेली, म्हणून 30. कोपरे 60, एका शिरोबिंदूवर पाच येतात, म्हणून 12. आता शिरोबिंदू वजा कडा अधिक पृष्ठं: 12 − 30 + 20 = 2. तुराटीचा चतुष्फलक आणि घन काढा, तिथेही हेच करून बघा. 4 − 6 + 4 आणि 8 − 12 + 6.

टांगण्यासाठी वरच्या शिरोबिंदूशी मिळणाऱ्या दोन पाळ्यांमधून दोरा ओवा. आत दिवा लावायचाच असेल तर एक त्रिकोण कापून उघडा ठेवा आणि बॅटरीवरचा छोटा एलईडी सोडा. साधा बल्ब किंवा पणती नाही, कागद आहे.

तिरका चौकोन आणि फरशी

बिस्किटाच्या खोक्यातून कुठलाही वेडावाकडा चौकोन कापा, चारही बाजू वेगळ्या चालतील, फक्त कोपरा आत गेलेला नको. त्याच्यावरून 20 तुकडे कापा आणि फट न ठेवता जमिनीवर पसरायला सांगा. मुलं ‘होणारच नाही’ म्हणतात. युक्ती अशी: तुकडा उलथवायचा नाही, सारख्या लांबीच्या बाजूला बाजू लावून अर्ध्या वळशानं फिरवायचा. एक बाजू छापील, दुसरी करडी असल्यानं कोण उलथवतो ते लगेच दिसतं, म्हणून इथे खोक्याचाच पुठ्ठा वापरा. एका बिंदूवर चारही वेगळे कोन एकत्र येतात. त्यांची बेरीज कोनमापक न लावताच कळते.

परीघ आणि व्यास

बाटलीच्या झाकणापासून सुरुवात करू नका. 3 सेंटिमीटरच्या झाकणात व्यास मोजताना एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला की परीघ भागिले व्यास हा भागाकार 3.14 च्या जवळ येण्याऐवजी 3.04 ते 3.25 कुठेही जातो आणि मुलांचा विश्वास उडतो. घमेलं, बादलीचं तोंड, सायकलचं चाक घ्या. चाकाचा व्यास मोजायला ते जमिनीवर आडवं ठेवा, दोन्ही बाजूंना विटा टेकवा, चाक उचला आणि विटांमधलं अंतर मोजा. परिघासाठी व्हॉल्व्ह खाली असताना जमिनीवर खूण करा, चाक सरळ रेषेत एक फेरी फिरवा, व्हॉल्व्ह परत खाली आला की दुसरी खूण. 28 इंची सायकलला व्यास 71 सेंटिमीटरच्या आसपास आणि परीघ सव्वादोन मीटरला थोडा कमी येतो. चाक वाकडं चाललं तर खुणांमधलं सरळ अंतर कमी भरतं, म्हणून फरशीच्या सांध्यावरून फिरवा. कोणाचं उत्तर साडेतीनच्या पुढे गेलं तर बहुधा त्यानं व्यासाऐवजी जीवा मोजलेली असते.

जुन्या बांगड्या असतील तर एक जास्तीचं काम द्या. बांगडीवाल्याचं ‘दोन-चार’, ‘दोन-सहा’, ‘दोन-आठ’ म्हणजे आतला व्यास 2 इंच आणि वर इंचाचे चार, सहा, आठ सोळांश. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. मुलींनी घरून आपला आणि आईचा नंबर विचारून यायचं, आतला परीघ आधी हिशोबानं काढायचा आणि मग बांगडीच्या आतून दोरा फिरवून ताडून बघायचा. दोरा बाहेरून फिरवला तर बांगडीच्या जाडीमुळे उत्तर मोठं येतं, आणि किती मोठं आलं त्यावरून जाडी काढता येते.